आगाशीला जाताना पाणी घरचं न्यावं

समस्त कल्याणकर मंडळींस, लहानथोर, बायाबापे, ओट्यावर बसलेले आणि रस्त्यात उभे अशा सर्वांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, ज्या कोणाला वसई-आगाशीकडच्या केळीच्या मुलखात जायचं असेल, त्यानं आधी सदोबा राऊत यांच्या ओट्यावर हजर व्हावं. हजर न होता परस्पर गेल्यास पुढं जे घडेल त्याची जबाबदारी सरकारवर नाही, होडीवर नाही, आणि केळ्यांवर तर मुळीच नाही.

असा जाहीरनामा कधी निघाला नाही आणि अशी दवंडीही कोणी पिटली नाही. तरीही कल्याणात हा कायदा होता, आणि सरकारच्या कायद्यांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. मी बदली होऊन इथल्या शाळेवर आलो, सदोबांच्या शेजारचं बिऱ्हाड घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या तोंडून सहज निघून गेलं की वसईकडची सुकेळी, ती उन्हात वाळवलेली गोड केळी, म्हणे फार चांगली असतात, एकदा जाऊन बघायला हवं. सदोबा पलीकडच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"कधी निघणार?"

"बघू, एखाद्या शनिवारी."

"शनिवार खाडीला ठाऊक नाही, मास्तर. तिथी सांगा."

मला तिथी ठाऊक नव्हती. सदोबांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी पाढे न येणाऱ्या मुलांकडं पाहतो.

सदोबा भाताच्या वखारीत मापाडी होते. उंच, किडकिडीत, डोक्याला लाल मुंडासं आणि गालात कायम तांदळाचा एक दाणा. धान्य मापताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पहिलं माप शुभ असावं म्हणून. सदोबांनी तीस वर्षं मापं घातली होती, त्यामुळं त्यांच्या आयुष्यातून 'एक' हा आकडा पार नाहीसा झाला होता. देवळाच्या पायऱ्या चढताना लाभ, दोन, तीन. नाडी बघायला आलेल्या वैद्यांनी किती दिवस खोकला आहे विचारलं, तर "लाभ दिवस झाला." सल्ला देतानाही तेच.

"लाभ," त्यांनी अंगठा दुमडला. "तिथीची पाऊणपट करायची. समजा अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे तिकडं समुद्रावर सहाला भरती पुरी. आपल्या बंदरापर्यंत पाणी चढायला वर दीड तास. साडेसातला ओहोटी लागते, तिच्या पाठीवर बसायचं. आठ वाजले की चिखलात बसायचं."

हे अतिशयोक्तीचं वाटेल, म्हणून सांगतो. एक कारकून होते, त्यांच्याकडं साखळीचं घड्याळ होतं आणि त्यांचा तिथीवर विश्वास नव्हता. वसईहून परत येताना ते घड्याळ बघून निघाले. वाटेत खाडीकाठच्या बाळकुमसमोर पाणी उतरलं आणि मचवा चिखलात बसला. ते सहा तास तिथंच होते. घरी आले तेव्हा घड्याळ चालू होतं, माणूस बंद पडला होता.

"दोन," सदोबा म्हणाले. "पांढरं धोतर नेसून केळीच्या वाडीत शिरायचं नाही. केळीचा चीक लागला की तो डाग धोतराबरोबरच जातो. तीन, गाडीवाल्याला किती लांब म्हणून विचारायचं नाही. तो 'ही काय, पलीकडं' म्हणणार. त्याचं पलीकडं दीड कोसाचं असतं. त्याला विचारायचं, वाटेत वाड्या किती? सात म्हणाला तर बसायचं, वीस म्हणाला तर आधी जेवून घ्यायचं. चार, वाडीची स्तुती मालकासमोर करायची नाही. तो घड कापून गाडीत टाकेल, आणि परतीच्या वाटेत तुम्ही घडाला मांडीवर घेऊन बसाल. पाच, सुकेळी सोपटात बांधलेली मिळतात, म्हणजे केळीच्याच वाळल्या सालीत. वरून अंगठा दाबून बघायचा. दबून परत वर आलं तर घ्यायचं. दबून तसंच राहिलं तर त्याला रामराम करायचा."

मी मनात वाहवा करत होतो. तेवढ्यात सहावा सल्ला आला.

"सहा. पाणी घरचं न्यायचं. जाताना पुरेल आणि येतानाही पुरेल एवढं. आणि तिथल्या वाडीतलं केळं तिथं खायचं नाही."

मी हसलो. मला वाटलं ही थट्टा आहे. वसईचा मुलूख मी पाहिला नव्हता, पण ऐकला होता. तिथं म्हणे पावलोपावली विहीर, विहिरीवर रहाट, आणि दिवसभर सगळ्या वाड्यांमधून रहाटांची करकर. अशा ठिकाणी पाणी घरून न्यायचं? आणि केळीच्या वाडीत जाऊन केळं खायचं नाही?

"का हो, सदोबा?"

त्यांनी दाणा या गालातून त्या गालात सरकवला. "कारण आहे. पण ते तुमच्या उपयोगाचं नाही."

आता वाचकांपासून काय लपवायचं? मला कुतूहलाचा रोग आहे. बंद पेटी दिसली की मला झोप येत नाही, आणि हा तर सहावा सल्ला होता, पाच शहाण्या सल्ल्यांच्या पाठोपाठ येणारा एक वेडा. पुढच्या सहा महिन्यांत मी त्यांना गुळाच्या व्यापाऱ्याला, कासाराला, आणि एकदा तर कीर्तनकाराला सल्ला देताना ऐकलं. प्रत्येकाला सहावा सल्ला तोच. लोक मान डोलावत आणि खरंच तांबे भरून नेत. का म्हणून कोणी विचारलं, की कारण होतं, पण ते कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

मी तर्क बांधले. पहिला तर्क असा की तिथलं पाणी बाधतं. पण पाणी बाधणाऱ्या मुलखातली माणसं तिथून कल्याणच्या बाजारात येत, ती आमच्यापेक्षा धट्टीकट्टी दिसत. दुसरा तर्क असा की सदोबांना चवीचं काही कळत नाही, कुठलंही पाणी त्यांना सारखंच. हा तर्क आमच्याच स्वयंपाकघरात निकालात निघाला. एक दिवस ते आमच्याकडं आले, बायकोनं पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि फुलपात्राकडं बघितलं.

"वहिनी, आज विहीर बदलली वाटतं?"

आमच्या विहिरीचा दोर तुटला होता. बायकोनं सकाळी मागच्या आळीतून दोन घागरी आणल्या होत्या. हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं, आणि मी दुपारपासून तेच पाणी पीत होतो. वखारीत तर त्यांची ख्याती होती की दाताखाली दाणा धरून तांदूळ कुठल्या गावच्या खाचरातला ते सांगतात; आंबिवलीच्या वरच्या अंगाचा की खालच्या, इथपर्यंत.

शेवटी कार्तिकात शाळेला सुट्टी लागली आणि मी जाहीर केलं, "सदोबा, मी आगाशीला चाललो."

"कोणती तिथी?"

"अष्टमी. साडेसातला ओहोटी."

ते एवढे खूष झाले की म्हणाले, "मीही येतो. माझीही खेप आहे." आणि घरातून आपला फिरकीचा तांब्या घेऊन आले. फिरकीचं झाकण असलेला, पोटाला दोन पोचे पडलेला, चिंचेनं घासून घासून लालबुंद झालेला. तो त्यांनी कल्याणच्या तळ्यावर स्वतः भरला. मीही माझा भरला. नियम म्हणजे नियम.

आमच्या मचव्याचा तांडेल हाल्या म्हणून एक आगरी होता. मिठागरातल्या उन्हानं रापलेला, बोलायला मोकळा. ओहोटीनं आम्हाला अलगद उचललं, दोन्ही तीरांवरची मिठाची आगरं चमकत मागं गेली, आणि दुपारी बाळकुमपाशी भरती समोरून आली तेव्हा हाल्यानं नांगर टाकला. आता पाणी फिरेपर्यंत बसायचं. सदोबांनी शिदोरीतली दशमी खाल्ली, तांब्यातलं दोन घोट पाणी प्याले, झाकण आवळलं आणि मुंडासं तोंडावर ओढून झोपले.

मी हाल्याच्या शेजारी सरकलो. "काय रे, हे आगाशीला पाणी घरचं का नेतात?"

हाल्यानं झोपलेल्या सदोबांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमी नवं हाव, मास्तर. सदोबाची लेक दिलेली हाय तिकरं. मथू. नऊ वरसां झाली नांदतंय, पन पालना काय हालला नाय. मंग बाप पानी कसा पियाचा?"

मला माझ्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझ्या सासऱ्यांनीही पाळली होती, पण त्यांना ती जेमतेम दीड वर्ष पाळावी लागली, आणि तेवढ्यातही त्यांनी दहादा कुरकुर केली. इथं नऊ वर्षं.

"बायको?" मी विचारलं.

"ती तर मथूच्या लगनाच्या आदीच गेली. म्हनून तर दर दोन-तीन महिन्यांनी हा जातंय. लेकीला बघतंय, वसरीवर बसतंय, आपली भाकर खातंय, आपलं पानी पितंय, नि येतंय. मीच नेतंय ना."

तर ही विद्या अशी आली होती. ओहोटीचा हिशोब, वाटेतल्या सात वाड्या, कुठल्या देवळापाशी बसून शिदोरी सोडता येते, हे सगळं ज्याला त्या मुलखात जायचं आहे पण तिथलं काहीच घ्यायचं नाही, अशा माणसानं शिकलेलं होतं. पण मग सल्ला गुळाच्या व्यापाऱ्याला का? त्याची कुठली लेक तिथं नांदत होती? आणि कीर्तनकार तर ब्रह्मचारी होते.

रात्री वसईला उतरून दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं आगाशीला पोचलो. सात वाड्या, मी मोजल्या. सदोबांचे व्याही जनूबा म्हात्रे दारात उभे होते. गोल, हसरे, कानात भिकबाळी. वाडीच्या मधोमध घर, मागं विहीर, आणि अंगणात मांडवावर सोललेली केळी उन्हात वाळत घातलेली. त्यांचा वास मधासारखा होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण पाचव्या नियमासाठी मी आलो होतो आणि सहाव्यानं बांधला गेलो होतो.

ओसरीवर बसलो. जनूबांनी सवयीनं गडूकडं हात नेला, मग थांबवला. सदोबांनी तांब्या समोर ठेवला. मीही माझा ठेवला.

जनूबा माझ्याकडं वळले. "मास्तर, राग मानू नका, पण तुम्हा कल्याणकरांची ही काय चाल आहे हो? मध्यंतरी एक गुळाचे व्यापारी आले, त्यांच्या हातात तांब्या. एक कासार आला, त्याच्या हातात तांब्या. कीर्तनकारबुवा आले तर दोन तांबे. आमच्या गावात आता लहान पोरंही म्हणतात, कल्याणचा माणूस ओळखायचा तो तांब्यावरून."

मी सदोबांकडं बघितलं. ते मांडवावरच्या केळ्यांकडं बघत होते, अगदी मन लावून. आणि माझी बंद पेटी उघडली. एकट्या बापानं तांब्या नेला, तर तो सगळ्या गावाला दिसतो. कशासाठी नेला तेही दिसतं आणि लेकीला मान खाली घालावी लागते. आख्खं गावच तांबे घेऊन येऊ लागलं, तर ती कल्याणकरांची खोड ठरते. या माणसानं एका लेकीची मान वर राहावी म्हणून साऱ्या कल्याणाला तहानेचा नियम लावला होता.

पण तो सगळ्यांपुढं चालला नाही. आतल्या दारात जनूबांची विधवा बहीण बसली होती, कापसाच्या वाती वळत. तिला सगळे आत्याबाई म्हणत. ती वातीवरून नजर न काढता म्हणाली, "बाकीचे चाल म्हणून आणत असतील. आमचे व्याही कशाला आणतात ते आम्हाला ठाऊक आहे. आमच्या विहिरीला अजून मुहूर्त नाही. आमच्या पांडूचं वय काही गेलेलं नाही म्हणा. मनात आणलं तर दुसरी विहीर खणता येते."

पांडू म्हणजे जावई. तो तिथंच खांबाला टेकून उभा होता. "आत्या, वाती वळ," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. जनूबा खाकरले. आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सदोबा म्हणाले, "यंदा केळ्यांना रंग चांगला आलाय." हे वाक्य त्यांनी इतकं सरळ म्हटलं, की मला तिथून उठावंसं वाटलं. हातपाय धुतो म्हणून मी उठलो आणि वाडीला वळसा घालून मागं विहिरीकडं गेलो.

आणि तिथं मी जे पाहिलं, त्यासाठी मी आगाशीला आणखी दहादा जाईन, बाळकुमच्या चिखलात बसूनसुद्धा. मथू विहिरीपाशी उभी होती. तिच्या हातात तिच्या बापाचा फिरकीचा तांब्या होता. घासून आणते म्हणून ती तो ओसरीवरून घेऊन आली असावी. तिनं झाकण फिरवून काढलं, आतलं सगळं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं, रहाटाच्या पोहऱ्यातून ताजं पाणी घेऊन तांब्या काठोकाठ भरला, झाकण आवळलं आणि पदरानं बाहेरून कोरडा पुसला. वळली तर समोर मी.

उंच, बापासारखीच किडकिडीत. घाबरली नाही. "मास्तरकाका, तुम्ही काही पाहिलं नाही."

"मी हात धुवायला आलो होतो. बाई, हे कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून." ती तांब्याकडं बघत म्हणाली. "दोन दिवसांचं पाणी असतं हो ते. उन्हातून आलेलं, कोमट. बाबांना गार पाणी लागतं. घरी असताना मी त्यांच्यासाठी माठाला ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे."

"आणि रीत?"

"रीत त्यांनी पाळली ना. त्यांना कुठं ठाऊक आहे? ओतलं मी, पाप लागायचं तर मला लागेल." मग झाकण पुन्हा आवळत म्हणाली, "एवढं एक तरी माझ्या घरचं त्यांच्या पोटात जाऊ दे."

मी शपथ घेतली नाही, तिनं मागितलीही नाही. मी हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसलो. थोड्या वेळानं मथूनं तांब्या आणून बापासमोर ठेवला. "घासून आणला, बाबा." सदोबांनी झाकण काढलं, वरून धार धरली, डोळे मिटून प्याले आणि म्हणाले, "आमच्या कल्याणच्या तळ्याचं पाणी. दोन दिवस झाले, कसं गार राहिलंय बघा, मास्तर."

माझ्या तांब्यातलं पाणी तोंडात धरवत नव्हतं. परतीच्या मचव्यात मी ते खाडीत ओतून टाकलं आणि सदोबांना म्हटलं, तुमच्यातला एक घोट द्या. दिला त्यांनी. पाणी गार होतं. किंचित मचूळ होतं, समुद्राजवळच्या विहिरीला असतं तसं. मला हसू दाबता येईना.

"काय झालं?"

"काही नाही. माझं पाणी कोमट झालं, तुमचं गार कसं, याचं नवल वाटतं."

"तांब्याचा गुण," सदोबा गंभीरपणे म्हणाले. "माझा तांब्या जुना आहे."

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि पोट धरून हसलो. आमच्या घरातली बदललेली विहीर ज्यांना एका घोटात कळते, त्यांना नऊ वर्षं लेकीनं फसवावं! बायको हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही शाळेत काय शिकवता?" मी म्हटलं, गणित. ती म्हणाली, "तरीच."

दीड वर्ष गेलं. मग एकाएकी सदोबांचे सल्ले बिघडले. नवमीची पाऊणपट त्यांनी आठ सांगितली. त्यांच्या शब्दावर निघालेली दोन माणसं चिखलात बसून आली. एका बाईला त्यांनी सुकेळ्यांऐवजी वाडीची स्तुती कशी करावी ते सांगितलं. कल्याणात कुजबूज झाली, की सदोबांचं वय झालं. मी विचारलं तर म्हणाले, "कारण आहे, पण ते..." आणि पुढचं विसरले. दृष्ट लागू नये म्हणून सात महिने त्या माणसानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. माहेरी बाईमाणूस नाही, म्हणून मथूचं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. इकडं बाप रोज बंदरावर जाऊन हाल्याच्या मचव्याची वाट बघत होता.

हाल्या आला तो सरळ वखारीत. सदोबा भाताच्या राशीपुढं बसून माप घालत होते, "एकोणतीस, तीस, एकतीस." हाल्या दारातून ओरडला, "सदोबा, पालना हालला! पोरगी झाली." सदोबांचं माप हातात तसंच राहिलं. सगळी वखार बघत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा मापाड्याचा आकडा चुकला. त्यांनी मापलेली सगळी रास दोन्ही हातांनी परत एकत्र लोटली, पहिलं माप भरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ."

बारशाला आम्ही तिघं निघालो. सदोबा, मी आणि माझी बायको. या वेळी तिथी कोणी विचारली नाही, भरती आम्ही बंदरावर बसून पाहिली. सदोबांच्या काखेत फिरकीचा तांब्या होता, भरलेला. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. "आता कशाला?"

"सवय," ते म्हणाले.

अंगणात मांडव, दारात तोरण, आणि गाव जमलेलं. गावाला ठाऊक होतं की आज कल्याणचा मापाडी पाणी पिणार, आणि त्यासाठी बारशापेक्षा जास्त माणसं आली होती. आत्याबाई वाती घेऊन नेहमीच्या जागी. ती म्हणाली, "मुलगी आहे म्हणतात. मुलगा झाल्यावर प्यायचं असतं ना पाणी? मी आपलं विचारते."

सदोबांनी तिच्याकडं शांतपणे पाहिलं. "आत्याबाई, आम्ही मापाडी. पहिलं माप पडलं की आमच्यात लाभ झाला. पुढचं पुढं मोजू." आत्याबाईच्या हातातली वात सुटली. पांडू, जो वर्षानुवर्षं फक्त खांबाला टेकताना दिसायचा, तो भर अंगणात हसला.

मग जनूबांनी स्वतः जाऊन विहिरीतून घागर काढली. चांदीचं फुलपात्र पुसलं, भरलं, दोन्ही हातांनी व्याह्यांपुढं धरलं. मथू बाळाला घेऊन उंबऱ्यात आली होती. रहाटावरच्या गड्यानं बैल थांबवला, त्यामुळं ती करकरही थांबली. सदोबांनी गालातला दाणा काढून मुंडाशात खोचला. फुलपात्र कपाळाला लावलं. आणि एका दमात, थेंब न सांडता, सगळं पाणी प्याले.

जनूबांचे डोळे भरले होते. अकरा वर्षं गडूकडं गेलेला त्यांचा हात मध्येच थांबत आला होता, हे मला तेव्हा कुठं ध्यानात आलं. ते सदोबांच्या जवळ वाकले.

"व्याही, अकरा वर्षं तहान धरलीत. बोला तर खरं, आमच्या विहिरीचं पाणी कसं लागलं?"

सगळं गाव पुढं झुकलं. हा माणूस लाभपासून सुरुवात करणार आणि सहापर्यंत मोजणार, अशी माझी खात्री होती. पण सदोबांचं लक्ष जनूबांकडं नव्हतंच. ते उंबऱ्यातल्या लेकीकडं बघत होते, आणि विचार न करता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नेहमीसारखंच."